सूचक भागूबाई

भागूबाईचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. दूधवाल्याच्या दुधात ती बोट बुडवून बघायची, आणि सख्खा भाऊ माहेरचं बोलावणं घेऊन आला तरी ‘याला काय पाहिजे असंल?’ म्हणून चुलीपाशी पुटपुटायची. सेनगाव तालुक्यातलं तिचं गाव तिला हसायचं. पण हसणारेच लेकीसाठी स्थळ बघायला निघाले की तिला सोबत न्यायचे. भागूबाईने नाक मुरडलं की चहा न घेता उठायचं, असा रिवाजच पडला होता.

शेजारच्या तांड्यावरच्या प्रेमदासला हे बरोबर ठाऊक होतं. पक्षांनी तिकीट नाकारल्यावर तो आमदारकीला अपक्ष उभा राहिला. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. त्यातली पहिली सही त्याला भागूबाईचीच हवी होती. तिने त्याला कितीदा तरी दारातून परत लावलं. शेवटी तो म्हणाला, “मावशी, मी कोण्याच पक्षाचा न्हाई. निवडून आलो तर कोणासंगं बसायचं ते गावाला इचारूनच ठरवीन. तुमच्या दारात येऊन इचारीन.”

बोलताना त्याने नजर चुकवली नाही. भागूबाईने सही केली आणि वस्तीतल्या विहारासमोर सगळ्यांना सांगितलं, “याच्यासाठी मी जामीन हाय.” जन्मात पहिल्यांदा तिने कुणाची खातरी दिली होती. वस्तीने आणि तांड्याने झाडून मतं टाकली, आणि प्रेमदास काठावर का होईना, निवडून आला.

तिकडे मुंबईत कुणाचंच बहुमत जमेना. काल ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं त्या अपक्षांना सोन्याचा भाव आला. प्रेमदासचा फोन बंद. टीव्हीवाले म्हणत, अपक्षांना कुठल्याशा हॉटेलात ठेवलंय. रस्त्यावर गाडी वाजली की भागूबाई हातातलं काम टाकून ओट्यावर यायची. गाडी कापूस न्यायला आलेली असायची.

गावाची नजर फिरायला किती वेळ लागतो? नेमके त्याच दिवसांत तिने हळद विकून घरावर नवे पत्रे टाकले होते. येणारा-जाणारा आधी पत्रे बघायचा, मग तिच्याकडे. पाण्यावर गल्लीतल्या जनकाबाईने तोंडावरच विचारलं, “काय भागू, हॉटेलातून पत्रे बी येतात व्हय?” एरवी भागूबाईने तिच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. त्या दिवशी तिने अर्धीच घागर उचलली आणि घरची वाट धरली. संशय चावतो कसा, ते तिला आता कळत होतं.

विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी सून संध्याच्या मोबाइलभोवती गल्ली जमली. आवाजी मतदानावर विरोधक ऐकेनात, म्हणून अध्यक्षांनी शिरगणती पुकारली. सरकारच्या बाजूचे आमदार एकेक उभे राहून नाव आणि आकडा सांगू लागले, कुणी छाती काढून, कुणी घशातल्या घशात. त्यांच्यात प्रेमदास उठला, बोलला, बसला. पक्षात तो गेला नव्हता. गेला असता तर आमदारकीच गेली असती. बाहेरून पाठिंबा म्हणतात याला. पण विचारलं नव्हतं ते नव्हतंच. भागूबाई रागाने तिथून उठली.

पुढे सत्काराला तो गावात आला, तेव्हा मांडवात जाण्याआधी तिच्या दारात थांबला.

“मावशी, तिथं फोन काढून घेतले व्हते. तांड्याचा रस्ता मंजूर करून आणला, तो काय माझ्या घरासाठी? आता एक करा. माइकवर सांगा, मी फोनवर इचारलं व्हतं अन् तुमी व्हय म्हणल्या. माझी बी अब्रू राहील, तुमची बी. लोक बोलून राहिले ते बंद होईल.”

खोटं सांगणं तिला पटत नव्हतं, पण लोकांचं बोलणं बंद होईल हे भुलवत होतं. पत्र्यांकडे बघणाऱ्या त्या नजरा तिला नकोशा झाल्या होत्या. ती मांडवात गेली.

“यानं मला इचारलं न्हाई,” ती माइकवर म्हणाली. “फोनवर न्हाई, दारात न्हाई. मी जामीन ऱ्हायले, ती माझी चूक झाली. मला माफ करा.”

प्रेमदासने कॅमेऱ्यापुरतं हसून हात जोडले. टाळ्या पडल्या नाहीत. भागूबाई मात्र हलकी होऊन घरी आली आणि पोटभर जेवली.

सकाळी गिरणीवर जनकाबाई बायांना समजावत होती, “चांगलं नाटक बसवलं दोघांनी. बाई चारचौघांत चिडली म्हंजे तिनं काही खाल्लं न्हाई, असं तुमाला वाटावं. काहून चिडली, इचार करा की!” बाया विचार करत होत्या. भागूबाई दळण न टाकताच माघारी फिरली.

घरी संध्या भाकरी थापत होती. तिने दळणाचा डबा तसाच परत आलेला बघितला, आणि विचारलं, “आत्या, राग येऊ देऊ नका. पण त्यांनी खरंच इचारलं नव्हतं ना?”

“न्हाई गं बाई.”

संध्याने मान हलवली आणि तव्याकडे वळली. ती मान भागूबाईला ओळखीची होती. जन्मभर लोकांचं ऐकून घेताना ती स्वतः अशीच मान हलवत आली होती.