बिबट्याच्या पिंजऱ्यातला रेडिओ

पोंभुर्ण्याच्या वाटेवर जंगल नाका आहे. तिथला राखणदार लटारूभाऊ मेलेल्या बायकोचा आत्मा पिंजऱ्यात कोंडून ठेवतो, असं आमच्या गावात पक्कं ठरलं होतं. "सांजच्याले बाई बोलते ना तिथी! म्या सोता आयकलो," असं मुखरूकाका सांगायचे. (त्यांचं ते 'सोता' मी हुबेहूब काढतो.)

साफ खोटं. बोलायची ती नागपूर केंद्रावरची बाई. एक ठेकेदार जाताना भाऊंना बॅटरीचा रेडिओ देऊन गेला होता. पिंजरा मात्र खरा, बिबट्या धरायचा, नाक्यावर गंजत पडलेला. झोपडीत माकडं घुसतात म्हणून भाऊंनी रेडिओ त्यात ठेवला, तर बाई मुकी! बाहेर काढला की परत सुरू. मास्तर म्हणाले, रेडिओच्या लहरी लोखंडी सळयांवर आपटून बाहेरच विखुरतात.

मग दिवसा रेडिओ पिंजऱ्यात, संध्याकाळी बाहेर. बाई "नमस्कार" म्हणाली की भाऊ म्हणायचे, "नमस्कार जी, बसा." बायको, म्हणजे भागीरथाकाकू, गेल्यापासून त्यांच्याशी रोज बोलणारं दुसरं कोण होतं? पावसाळ्यात लाकडाच्या गाड्या बंद, नाक्यावर चिटपाखरू नाही.

छप्पन सालच्या पावसाळ्यात बॅटरी मरायला टेकली. नवी चांद्याहून कधी येणार, पत्ता नाही. माझा आवाज तेव्हा फुटला नव्हता. मी म्हणालो, "भाऊ, मी बाईसारखा बोलतो. तुमाले फरक समजनार नाई. लावता पैज?"

"मी हरलो तं?"

"रेडिओ एक रात माया घरी."

भाऊंनी पेटीवर हात ठेवला. उरलीसुरली बॅटरी माझ्याच घरी संपली असती.

"अन् तू हरला, तं ब्याटरी येतवरी रोज सांजच्याले इथी येऊन बसाचं."

भाऊ पाठ फिरवून बसले. रेडिओ बोलतोय की मी, ते ओळखायचं; मागे वळून बघायचं नाही, एवढीच अट. मी रेडिओ बंदच ठेवला, त्याच्याजवळ तोंड नेलं आणि बारीक खरखर काढून सुरू केलं, "हे नागपूर केंद्र आहे. आता बाजारभाव."

भाऊंनी न बघता हात मागे आणला, चाचपडत पेटी धरली आणि शेजारच्या पिंजऱ्यात सरकवली. मी आपला धानाचे भाव सांगतोच आहे.

भाऊ खदखदून हसले. "पिंजऱ्यात बाई मुकी होते, लेका. तू तं बोलूनच राह्यला!"

हरलो.

"आता बस. पन तुया आवाजात बोल."

मी मुखरूकाका काढले, मास्तर काढले. भाऊ नुसती 'नाही' म्हणून मान हलवत राहिले. शेवटी मी म्हणालो, "आज आमच्या घरी वांग्याची भाजी होती."

"कसी झालती?" भाऊंनी विचारलं.