पोटावरची पिशवी

गल्लीतले सगळे त्याला ‘रेडिओ’ म्हणायचे. केस कापता कापता त्याचं तोंड जे सुरू व्हायचं, ते गिऱ्हाईक खुर्चीतून उठेपर्यंत. आतड्याच्या टोकाशी कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हाही त्याने डॉक्टरांना दोन विनोद ऐकवले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने त्याला आणि बायकोला समोर बसवून कागदावर आतडं काढून दाखवलं. गाठीसकट खालची वाट काढावी लागेल, आतड्याचं तोंड पोटावर आणावं लागेल, शौच तिथून पिशवीत पडेल. तो मान डोलावत होता. बायको मात्र पुन्हा पुन्हा विचारून घेत होती.

घरी आल्यावर पिशवी तीच बदलायची. कोमट पाण्याने कातडी पुसायची, कोरडी करायची, पोटावरच्या लाल तोंडाच्या मापाचं भोक कापून नवी पिशवी चिकटवायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

अंगात बळ आल्यावर तो दुकानात उतरला. पण केस कापणाऱ्याचं पोट गिऱ्हाइकाच्या अगदी कानाशी. पहिल्याच दिवशी पिशवीत वायू सुटला आणि आवाज झाला. गिऱ्हाईक जुनं, भलं माणूस; आरशात न बघता हवापाण्याचं बोलू लागलं. याने मात्र केस कसेबसे उरकले. मग तो सकाळचं खाणंच टाकू लागला. नर्स रागावली. उपाशी राहिल्याने वायू वाढतो, थोडं थोडं खा, म्हणाली. त्याने ऐकलं नाही. गालफडं बसली.

पुढच्या तपासणीला त्याने विचारलं, “आता आतडं परत जोडणार कधी?”

नर्स हळूच म्हणाली, “दादा, ते जोडता येत नाही. खाली वाटच उरलेली नाही. आधी सांगितलं होतं आपण.”

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

“तुला ठाऊक होतं?”

“तुम्ही रोज म्हणायचा, चार महिन्यांचाच त्रास आहे,” ती म्हणाली. “मी कुठल्या तोंडाने सांगू?”

त्यानंतर तो दुकानात गेला नाही. आता धाकटा भाऊ कात्री चालवतो. दुकान घराच्या खालीच. खालचं बोलणं वर स्पष्ट ऐकू येतं. कुणी चौकशी केली की भाऊ सांगतो, बाहेरगावी गेलाय. तसं सांगायला यानेच भावाला बजावलंय. बायको पाणी कोमट करून आणते, तेव्हा तो काही न बोलता सदरा वर करतो.