पावतीची मागची बाजू

पंपवाल्या काकांनी चाळीस वर्षांत पाण्याची टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ दिली नाही. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशालाही तोच नियम लावला. माणूस मुलखाचा हट्टी.

आता छातीत कळ येते. डॉक्टर म्हणाले, लगेच दाखल व्हा. पण मुदत ठेव आत्ता मोडली तर व्याज बुडणार, म्हणून घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पंपावर दर तासाला दाब लिहायची सवय. त्याच सवयीने ते प्रत्येक कळेची वेळ ठेवीच्या पावतीमागे लिहितात.

काल काकूंच्या हाती ती पावती लागली. "हे कसले आकडे हो?"

"पाणी येण्याच्या वेळा," काका म्हणाले आणि घाम पुसला.

मुदत संपायला अजून एकोणीस दिवस आहेत. पावतीमागे दोनच ओळींची जागा उरली आहे.