जड लागणारी गाडी

रामघाटाकडून वर येणारा चढ संपत आला तेव्हा विनोदिनीला रस्त्यावर पहिला डाग दिसला. कुणीतरी पान थुंकलं असेल म्हणून तिने तो ओलांडला. दहा पावलांवर दुसरा दिसला, मग तिसरा. सगळे डाग बरोबर दादाच्या उजव्या पावलाच्या जागी होते.

तिचा दादा, शरच्चंद्र पोतनीस, पुढे हँडल धरून गाडी ढकलत होता. ती मागून सीटच्या पट्टीला हात लावून चालत होती. खांद्यावरच्या पिशवीत क्षिप्रा नदीच्या पाण्याची बाटली होती. बारा वर्षांची ती उंच डर्ट बाइक शहरातल्या रस्त्यासाठी नव्हतीच. माती-दगडांत पळवायची गाडी ती.

"क्या पोतनीस साब, आज बहनजी को भी जोत दिया?" चहाच्या ठेल्यावरून कुणीतरी विचारलं.

"तू आ जा, इसको छुट्टी दे देता हूँ," दादा न थांबता म्हणाला.

गाड्या पायी ढकलत नेऊन तपासायच्या ही दादाची चाळीस वर्षांची रीत. देवास गेटच्या मागे त्याचं गॅरेज. क्लचची तक्रार आली की तो इंजिन तापवून बंद करायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायचा, डाव्या हाताने क्लच पूर्ण दाबून धरायचा आणि पायी रामघाटापर्यंत जाऊन यायचा. क्लच नीट सुटत असेल तर गाडी नुसती चाकांवर येते, नाहीतर बंद इंजिनाला ओढत येते. क्लचच्या प्लेटा तेलाने चिकटल्या असतील तर शे-दोनशे पावलांत मोकळ्या होतात. त्यानंतरही ओढत असेल तर प्लेटा वाकल्या असतात नाहीतर त्यांच्या घराला, हौसिंगला, खाचा पडलेल्या असतात, मग क्लच उघडावाच लागतो. "बैठके बीमारी पकड़ में नहीं आती," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. पोतनीसांचे पूर्वज शिंदेशाहीत खजिन्यावर, वडील बँकेत. मुलाने हातात पाना धरला तेव्हा वडिलांनी वर्षभर त्याची काळी नखं बघून त्याच्या पंक्तीला जेवणं टाळलं. पुढे त्याच हातांवर गावाचा विश्वास बसला. पोतनीसने सांगितलं ना, मग झालं, असं लोक म्हणू लागले.

चैत्रात सौमित्र ही गाडी घेऊन आला होता. "काका, क्लच दाबला तरी सरकते हो पुढे." दादाने ती ढकलत नेली, आणली, केबल ताणून दिली आणि म्हणाला, "जा घेऊन." नवव्या दिवशी चौकात, उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे सौमित्र थांबलेला असताना गाडी उसळून ट्रॉलीखाली गेली. सौमित्रचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. क्लच दाबलेलाच होता, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कोण ऐकणार? क्लच पोतनीसांनी पाहिलेला होता. त्याची आई वासंती भजनाला विनोदिनीच्या शेजारी बसायची. "मस्तीने गेला पाय," असं ती चारचौघांत म्हणायची आणि घरी त्याच्या तोंडावरही. आता ती गाडी भैरवगढचा एक छिपा, कापडावर ठसे छापणारा, घेणार होता, नवं लग्न झालेला पोरगा. संध्याकाळी वासंती त्याला गॅरेजवर आणणार होती. "शरददादांनी एकदा हो म्हटलं की माझा जीव मोकळा," ती म्हणाली होती.

"दादा, थांब."

"थांबू कशाला? सुटलाय क्लच. अगदी छान."

"तुझ्या पायातून रक्त येतंय."

त्याने खाली पाहिलं, जसं दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं. गाडी स्टँडवर लावून दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिने चप्पल ओढली. तळातून आरपार आलेला खिळा टाचेत घुसलेला होता. ती खिळा काढत असताना तो समोरची गाडी बघत राहिला.

"दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. शुगरमुळे होतं म्हणे."

तिने पिशवीतली बाटली काढली.

"अगं, पूजेचं पाणी ते."

"गप बस. देवाला उद्या आणीन." जखम धुऊन तिने पदराची कड फाडून बांधली. बांधताना तिच्या मनात जे आलं ते तिला विचारायचं नव्हतं. पण विचारलं. "आणि हात?"

त्याने डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली.

"दादा, मला मघापासून गाडी जड लागतेय."

"चढ होता."

"चढ संपला. तूच शिकवलंस मला. न्यूट्रल करून दाखव."

तो उठला. लिव्हर पकडीला टेकेपर्यंत दाबली. गाडी गिअरमध्येच होती. तिने मागून रेटली तर चिखलातून ओढावी तशी आली. मग तो पायाने न्यूट्रल शोधू लागला. पहिला, दुसरा, परत पहिला. तीन-चार वेळा पाय चुकला, मग एकदा खटकन बसलं. तिने तेवढ्याच जोराने रेटलं आणि गाडी अशी सुटली की ती पडता पडता राहिली.

पुढे तपासायचं काही उरलं नव्हतं, क्लच सुटतच नव्हता. दादा परत पायरीवर बसला. पायाखाली काहीतरी शोधत असल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मला तेव्हाही जड लागली होती," तो म्हणाला. "चैत्रात. खांद्याला कळत होतं. पण विनू, वर्षभर मला सगळ्याच गाड्या जड लागतायत. पूर्वी लिव्हरवर बोटांना समजायचं, प्लेटा कुठे सुटतात, कुठे अडतात. ते गेलं. म्हटलं वय झालं, जडपणा आपल्यातलाच असेल. प्रत्येक गाडीतून मी माझा जडपणा वजा करत होतो. त्याच्याही गाडीतून केला."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? हात गेले म्हणून? मग माझ्याकडे येणार कोण?"

विनोदिनी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. ते कुणासाठी, तिला उमगेना. सौमित्र दोन महिने पलंगावर आईचं बोलणं ऐकत पडला होता. आणि खरं तोच बोलत होता.

"त्या पोराने चुकी केलीच नव्हती," दादा म्हणाला. "एवढी साधी गोष्ट. उघडून बघितला असता क्लच तर अर्ध्या तासाचं काम."

समोरून टोपलीत झेंडू घेतलेली बाई गेली. ऊन उतरायला लागलं होतं. तासा-दोन तासांत वासंती त्या छिप्याला घेऊन गॅरेजवर येईल, हसून विचारेल, मग काय शरददादा, द्यायची ना गाडी?

विनोदिनी उठली. तिने हँडल स्वतः धरलं. "चल. मी ढकलते."

तो उठला नाही. त्याने तिची पिशवी धरून ठेवली, लहानपणी आईचा पदर धरायचा तशी.

"विनू, एक ऐक. वासंतीवहिनी आल्या की तू काही बोलू नकोस. मी सांगेन, सौमित्रसमोर जाऊन सांगेन. पण मला ओळखतेस तू. त्यांनी हसून विचारलं की माझ्या तोंडून हो निघून जाईल, चाळीस वर्षांची सवय आहे." त्याने पट्टी बांधलेला पाय सरळ केला. "देवळात दिवे लागेपर्यंत वाट बघ. तोपर्यंत मी बोललो नाही, तर माझी गय करू नकोस. तू सांग."