आत्याचा नव्वद

माझा प्रोग्रॅम एका ओळीत मावला पाहिजे, असा माझा आग्रह होता. तो कोणाला वाचता आला पाहिजे, असा नव्हता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतेच कोडिंग शिकू लागलेल्यांना हा आजार जडतो. मी तर प्रोग्रॅममधल्या गोष्टींना नावे देण्याऐवजी नुसत्या आडव्या रेघा वापरत असे: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. (याला मी शैली म्हणत असे.)

दादाच्या हळदीला दुपारच्या जेवणानंतर हाउजी ठरली होती. ऐनवेळी आकड्यांची पिशवी सापडेना.

"आकडे लॅपटॉप काढेल," मी जाहीर केले.

"नीट बघ हां, मयू," बाबा म्हणाले. "आत्या खेळतेय."

बाबांची थोरली बहीण, घोडबंदरची आत्या, पहिल्या फुल हाउसचा मिक्सर घरी न्यायच्या तयारीनेच आली होती. बाबा माइकवर आकडे वाचू लागले आणि बघता बघता तिच्या तिकिटावर एकच आकडा उरला: नव्वद.

"येल आता," आत्या म्हणाली.

मिक्सर मामीला लागला. दुसऱ्या फुल हाउसचा तवा शेजारच्या काकूंना. तिसऱ्याचे कप चक्क नवरदेवाला.

"थांबायचं न्हाय," आत्याने बजावले. "माजा नव्वद बघितल्याबिगर मी उठत न्हाय."

बाबा वाचत राहिले. एकोणनव्वदपर्यंतचे सगळे आकडे येऊन गेले आणि लॅपटॉप गप्प झाला. तो बिचारा नव्वद शोधत होता, आणि नव्वद मी त्याला दिलाच नव्हता. (प्रोग्रॅमच्या या भाषेत 'एक ते नव्वद' लिहिले, की शेवटचा आकडा गळतो. पहिल्याच धड्यात शिकवतात.)

"मग कर की दुरुस्त," मामी मिक्सरचा खोका पिशवीत सरकवत म्हणाली.

मी ती ओळ उघडली. रेघा आणि कंस, कंस आणि रेघा. कोणती रेघ कशासाठी होती, हे जगात एकाच व्यक्तीला ठाऊक असणे शक्य होते, आणि ती व्यक्ती गोंधळली होती.

"काय लिवलंय त्यात?" आत्याने विचारले.

"बघतेय."

"तूच लिवलंस ना?"

"हो."

"मग वाच."

आत्याचा हात मिक्सरच्या खोक्यावर. शेवटी दादाने हळदीच्या बोटांनी कागदी रुमालावर नव्वद लिहिला, लाडवांच्या रिकाम्या डब्यात टाकला, आणि बाबांनी डबा गंभीरपणे हलवून तोच बाहेर काढला. आत्याने तिकीट पुरे केले. मिक्सर तिच्याकडे, तवा मामीकडे, कप काकूंकडे सरकले. नवरदेवाला काही उरले नाही. (त्याने मला तरीही लग्नाला येऊ दिले.)

संध्याकाळी आम्ही उष्टी हळद घेऊन नवरीकडे गेलो. आत्याने तिथल्या मंडळींना माझी ओळख करून दिली.

"ही आमची भाची. लय शिकलीय. एकोणनव्वदपर्यंत आकडे येतात तिला."

मी वाकून नमस्कार केला. विधान तपासता येण्याजोगे होते, आणि उपलब्ध पुराव्यानुसार बरोबरही.