मुक्याला आवाज मिळाला

आमच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हते. घरी कोण येते आहे हे तिला दाराच्या चौकटीवर तळहात ठेवून कळायचे. बाबा जिना चढताना पाय घासत, आई भराभर चढे. लाकडी जिन्याची थरथर चौकटीपर्यंत पोहोचायची आणि दार वाजण्याआधी धाकटी हाताने सांगायची, बाबा किंवा आई. तिची ही हातांची भाषा आम्हाला कुणी शिकवली नव्हती. पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत ती भाषा तिच्यासोबत वाढली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दादाने चित्रकथेसाठी जो नायक तयार केला, तो त्या चौकटीवरच्या हातातून आला. दादा शालिमारजवळच्या एका दुकानात पाट्या रंगवायचा. मी एका दैनिकात उपसंपादक म्हणून नुकताच लागलो होतो. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर तळाची पट्टी रिकामी राहायची, तिथे दादाची चित्रकथा सुरू झाली. नायक वीज मंडळात लाइनमन होता. खांबावर काम करताना बसलेल्या झटक्यात त्याचे ऐकणे आणि बोलणे गेले, आणि तळहातात ताकद आली. जमिनीवर हात टेकवला की शहरात कोण कुठे अडचणीत आहे हे त्याला कळायचे. चेहऱ्यावर मुखवटा, अंगात खाकी गणवेश. पाठीवर फडकणारे कापड नाही, कारण दादाच्या मते तारांच्या जंगलात चढणारा माणूस असले काही घालणार नाही. दादाने त्याला नावही दिले नाही. गल्लीतली मुले त्याला मुक्या म्हणू लागली आणि तेच राहिले.

चित्रकथेत एकही शब्द नसे. पेन्सिलीचे काम झाले की दादा कागद धाकटीपुढे ठेवायचा. ती एकेका चौकटीवर बोट ठेवून हातांनी गोष्ट सांगायची. तिने सांगितलेली गोष्ट आणि दादाच्या मनातली गोष्ट वेगळी निघाली, तर दादा ती चौकट खोडून पुन्हा काढायचा. शाई त्यानंतर. नायकाचे हात तर बहुतेक तिनेच दुरुस्त केले. मनगट कसे वळते, बोटे कधी ताठ होतात, हे ती स्वतःचा हात कागदाशेजारी धरून दाखवायची.

तिच्या शाळेत तेव्हा हातवारे करू देत नसत. मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावे अशी ती पद्धत होती, आणि हात सारखे वर येऊ नयेत म्हणून ते मांडीखाली घेऊन बसावे लागे. तोंडाने बोलण्याचे तिचे प्रयत्न ऐकून गल्लीतली मुले हसत. मुक्याला मात्र कुणी हसत नव्हते. उलट खेळताना मुले जमिनीला तळहात लावून डोळे मिटून बसायची. धाकटी दर रविवारी ती पट्टी कापून खळीने कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. बोलावे न लागता ज्याला सगळे मानतात असा तिच्या ओळखीचा तो एकटाच होता.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या चौकातल्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. मुक्याचा देखावा करायचा त्यांचा विचार होता. पडत्या इमारतीतून तो मुलांना वाचवतो आहे, असे दृश्य. दादा खूश झाला. बोटाएवढा काढलेला माणूस त्याला माणसाएवढा झालेला पाहायचा होता. अडचण पुढे निघाली. देखाव्याला निवेदनाची कॅसेट लागते. पडदा सरकतो, दिवे लागतात, कॅसेट सुरू होते, आणि कॅसेट संपली की एक गर्दी पुढे सरकून दुसरी आत येते. सगळी व्यवस्था तिच्यावर चालते.

दादाने अध्यक्षांना समजावून पाहिले की हा बोलत नाही, हीच त्याची गोष्ट आहे.

"अरे, गेल्या वर्षीचा आपला राक्षस झोपलेला होता, तोसुद्धा घोरत होता," अध्यक्ष म्हणाले. "मुका देखावा बघायला कोण थांबणार? आणि दहाच दिवसांचा तर प्रश्न आहे. नंतर तुझा तू मोकळा."

"बरं," दादा म्हणाला.

आवाज दिला तो एसटीतल्या एका कंडक्टरने. ते हौशी नाटकांत खलनायक करायचे आणि त्यांची हाक स्टँडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायची. पुतळा नवा घडवला नाही. मंडळाकडे एका जुन्या देखाव्यातला मावळा होता, तलवार उगारलेला. तलवार काढून मूठ बंद केली, अंगावर खाकी रंग दिला, मुखवटा चढवला. खांद्यात जीपच्या वायपरची मोटर बसवली होती, ती हात वर नेई आणि खाली आणी. मावळ्याला वाकता येत नव्हते, त्यामुळे मुक्याचा तळहात जमिनीला लागायचा प्रश्नच आला नाही. तो ताठ उभा राहून मूठ उगारू लागला आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणू लागला, "घाबरू नका, मी आलोय."

पहिल्या संध्याकाळी आम्ही घरचे सगळे गेलो. गर्दीने टाळ्या वाजवल्या. धाकटी कठड्याखालून पुढे गेली आणि मुक्या करतो तसा तिने फळ्यांच्या चौथऱ्यावर तळहात टेकवला. ध्वनिक्षेपकाचा खोका चौथऱ्याखालीच होता. ती तशीच बसून राहिली. मग वळून तिने दादाला विचारले. ओठांजवळ बोटे उघडली आणि पुतळ्याकडे दाखवली: हा बोलतो?

दादाने मूठ पोटाशी धरून गोल फिरवली. मोटर.

तिने पुन्हा फळीवर हात ठेवला. मोटरची थरथर एकसारखी असते, बोलण्याची थांबत थांबत येते. पायांवरून माणूस ओळखणाऱ्या मुलीला हा फरक कळत नसेल असे मला तेव्हाही वाटले नाही. पण तिने मान डोलावली आणि आईजवळ येऊन उभी राहिली.

दहा दिवसांनी देखावा उतरला, आवाज उतरला नाही. पुरवणीकडे मुलांची पत्रे येऊ लागली. चौकात बोलणारा मुक्या पेपरात का बोलत नाही? त्याची मूठ कुठे गेली? पुरवणीच्या संपादकांनी दादाला बोलावून घेतले. वाचकांना आता त्याचा आवाज माहीत आहे, तो दाबून ठेवण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दादाने दिवाळीपर्यंत टाळले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मुक्याच्या तोंडातून पहिला फुगा निघाला. त्यातले वाक्य कंडक्टरचेच होते. शुद्धलेखन तपासायला ते पान माझ्या टेबलावर आले, मी तपासून खाली पाठवले.

त्या आठवड्यात दादाने कागद धाकटीपुढे ठेवला नव्हता. रात्रीपर्यंत काम होते, वेळ मिळाला नाही, असे त्याने आईला सांगितले. रविवारी तिने पेपर उघडला. वाचायला ती शिकली होती. फुगा तिने बोटाने एकदा, मग दुसऱ्यांदा वाचला आणि पुरवणी घडी करून मूळ पेपरात परत ठेवली. कपाटाच्या दारावर त्यानंतर पट्टी लागली नाही.   दादाने कागद दाखवणे थांबवले ते कायमचे. शब्द आल्यावर चित्र तिच्याकडून तपासून घ्यायची गरज उरली नव्हती, असे त्याचे कारण होते, आणि ते चुकीचे नव्हते. न समजणारी चौकट आता खोडावी लागत नव्हती. फुग्यात एक वाक्य वाढवले की भागायचे.

पुढची वाटचाल सरळ आहे. संक्रांतीला येवल्याच्या पतंगांवर मुक्या आला, मूठ उगारलेला. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या एका केबलवाल्याने त्याच्यावर मालिका काढली. नायक झाला केबलवाल्याचा मेहुणा. गोदाघाटावर चित्रीकरण झाले, आणि वाऱ्यावर उडायला काहीतरी हवे म्हणून पाठीवर लाल सॅटिनचे कापड आले. लाइनमन जाऊन तो कॉलेजात शिकणारा झाला, एका भागात त्याने गाणेही म्हटले. प्रत्येक वेळी कुणीतरी दादाकडे येई, छोटासा बदल असल्याचे सांगे, आणि दादा बरं म्हणे. पेपरातली पट्टी एव्हाना बंद झाली होती. पुरवणी रंगीत झाली तेव्हा ती जागा जाहिरातीला गेली.

दोन हजारनंतर मुंबईच्या एका कंपनीला त्याची कार्टून मालिका करायची होती. या वेळी दादाने अट घातली. इतक्या वर्षांत त्याने घातलेली ती पहिलीच. नायक बोलणार नाही आणि त्याचा हात जमिनीला लागेल. कंपनीच्या माणसांनी ऐकून घेतले. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. मी तेव्हा घरात होतो. पलीकडचा माणूस नम्रपणे बोलत असावा, कारण दादा मध्ये मध्ये "नाही, तसं नाही" एवढेच म्हणत होता. मुले आवाजाला धरून बसतात, न बोलणाऱ्या नायकावर ती चॅनेल बदलतात, असे तो सांगत होता हे दादाने नंतर सांगितले. हाताचे मात्र ते पाहणार होते.

शेवटी दादा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

एव्हाना धाकटीचे लग्न झाले होते. नवरा तिच्यासारखाच, नाशिकरोडला शिवणकाम करतो. त्यांच्या मुलीला ऐकू येते. ती दोन्ही भाषांत बोलते, आणि आईशी बोलताना तिचे हात आमच्यापेक्षा वेगाने चालतात. दिवाळीच्या सुटीत मायलेकी आमच्याकडे होत्या तेव्हा दुपारी टीव्हीवर ते कार्टून लागले. दादा खुर्चीत बसून होता. नायकाचे नाव आता इंग्रजी होते. मुखवटा तेवढा जुना. त्याने उडी मारली, मूठ वर नेली, तोंड उघडले. भाची हसली.

धाकटीने तिला हाताने विचारले, काय म्हणाला?

"म्हणतो, घाबरू नका, मी आलोय," भाचीने तोंडाने आणि हातांनी एकदमच सांगितले.

धाकटी उठली. तिने टीव्हीच्या खोक्यावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ पडद्याकडे न पाहता उभी राहिली. मग दादाकडे वळली. मूठ पोटाशी धरली आणि गोल फिरवली.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चेष्टा होती की आणखी काही, हे मी आजही सांगू शकत नाही. दादाने मान खाली घातली.

"मामा, कसली मोटर?" भाचीने विचारले.

"आवाज बंद कर जरा," दादा म्हणाला.

तिने बंद केला. पडद्यावर नायक इमारतीवर चढला, कुणाशी तरी बोलला, मग कुणी दुसराच पळाला, नायक पुन्हा बोलला. आम्ही चौघे पाहत होतो. मूठ वर गेली, खाली आली. हात जमिनीला लागला नाही.

"काहीच कळत नाहीये," भाची म्हणाली.

"हो," दादा म्हणाला. "नाही कळत."

भाचीने आवाज पुन्हा सुरू केला. दादाने तिला अडवले नाही. धाकटीने खोक्यावरचा हात काढून घेतला होता.