मनगटावरची रिबीन

बीरगावच्या बाजारात आज मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला आणि पाय थबकले.

आमच्या या हिंदी मुलखाचं नवीन राज्य झालं, त्या सुमाराची गोष्ट. जवळच्या उरला गावातल्या कारखान्यात रातपाळी करून, न झोपताच मी पाच वर्षांच्या चिमीला नदीकाठच्या जंगलात नेलं. कबूल केलं होतं ना! थोडं चाललो, मोहाखाली टेकलो आणि डोळा लागला.

दचकून उठलो. नदी दहा पावलांवर! पण चिमी शेजारीच होती, फ्रॉकमध्ये फुलं घेऊन. तिच्या वेणीची लाल रिबीन माझ्या मनगटाला बांधलेली, दुसरं टोक तिच्या मुठीत.

"काहून बांधलं वं मले?"

"पापा, आप सोते-सोते खो जाते तो?"

तेव्हा हसलो होतो. आता चिमी पुण्याला असते, मी रिटायर. थकवा तसाच आहे. पण मनगट कोणी धरलेलं नसलं, की डोळा लागत नाही.